अल्बम कुठे अडतो?

लग्नाचा फोटोग्राफर एका घरात एकदा शिरला की पुढची वीस-पंचवीस वर्षं त्या घरात काम निघू शकतं. डोहाळजेवण, बारसं, जावळ, मुंज, वास्तुशांत, आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन. शिवाय त्याच मांडवात मिरवणाऱ्या आते-मामेभावंडांची लग्नं आहेतच. तरी बहुतेकांची ओळख पहिल्या अल्बमपाशीच संपते. फोटो वाईट आले म्हणून असं क्वचितच होतं. बिनसतं ते आधीच्या बोलण्यात आणि नंतरच्या महिन्यांत.

बोलणं म्हणजे कोटेशन. ‘सगळं मिळून एवढे’ असा एकच आकडा सांगू नये. माणसं किती येणार, किती तास थांबणार, हळद धरली आहे की नाही, अल्बमची पानं किती, जादा पानाचे किती, सगळं ओळीओळीने लिहून द्यावं. पार्टी घासाघीस करणारच. तेव्हा दर उतरवू नये, काम उतरवावं. ड्रोन काढा, दुसरा अल्बम काढा, पण दिवसाचा दर तोच ठेवा. नाहीतर उतरवलेला आकडा संध्याकाळपर्यंत घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचतो आणि मामेबहिणीच्या लग्नाची बोलणी त्याच्याही खालून सुरू होतात. दाट तिथीला दोन ऑर्डरी घेतल्या असतील, तर आपण स्वतः कोणत्या लग्नाला असू तेही याच वेळी सांगावं. मुहूर्ताच्या सकाळी अनोळखी मुलगा कॅमेरा घेऊन दारात उभा राहिला, की त्याने कितीही चांगलं काम केलं तरी यजमानांच्या मनातली अढी जात नाही.

लग्नाआधी त्या घरातलं सगळ्यांना ओळखणारं एक माणूस मागून घ्यावं. बहुधा मावशी किंवा आत्या निघते. ज्यांचा फोटो राहून चालणार नाही, अशांची यादी तिच्याकडून घ्यावी. आजीला स्टेजच्या पायऱ्या चढवत नसतील तर नवरा-नवरीलाच तिच्या खुर्चीपाशी न्यायचं, तेही पंगती बसायच्या आत. गुरुजींनाही आधी भेटावं. अंतरपाट दूर होतो तो सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा. त्यात अक्षता, वाजंत्री आणि मध्ये घुसलेले मोबाइल. पाट कोणत्या बाजूला ओढणार, एवढं विचारून ठेवलं की आपण दुसऱ्या बाजूला उभं राहतो आणि दोघांचेही चेहरे मिळतात. गुरुजी वर्षभर कितीतरी मांडवांत असतात. त्यांचा मान राखणाऱ्या फोटोग्राफरचं नाव ते न सांगताच पुढे करतात.

आता खरी अडचण. लग्नाचे तीन-चार हजार फोटो सहज होतात. ते सगळे ड्राइव्हवर टाकून ‘अल्बमसाठी दीडशे निवडून कळवा’ असं सांगायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि माझ्या मते निम्मी नाती तिथेच खराब होतात. जोडपं नोकरीवर परतलेलं असतं. सासूबाईंना त्यांच्या माहेरची माणसं हवी असतात. आज बसू, उद्या बसू करता करता तीन महिने जातात, तोवर फोटोग्राफरचा पुढचा सीझन सुरू होतो. अल्बम दिल्यावर उरलेले पैसे असं ठरलेलं, त्यामुळे पैसेही अडकतात. दोन्हीकडे एकच तक्रार: ‘त्यांच्याकडूनच उशीर आहे.’ मग बारशाला फोन कोण करणार?

यावर उपाय असा. चाळणी आपणच करावी. मिटलेले डोळे, हललेले फोटो, एकाच क्षणाच्या पाच-पाच फ्रेमा बाजूला काढाव्यात. उरलेल्यांतून अल्बमची पानं स्वतः मांडून पीडीएफ पाठवावी आणि ‘यात काय बदलायचं?’ एवढंच विचारावं. हजारांतून निवडायला बसायचा घरच्यांना कंटाळा येतो. मांडलेल्या पानात खोड काढायला मात्र सगळे एका संध्याकाळी जमतात. पाठवण्यापूर्वी वरपक्षाची आणि वधूपक्षाची माणसं मोजून घ्यावीत. विहीणबाई मोजतातच. बाकीही दोन हप्त्यांत घ्यावी: एक फोटो देताना, दुसरा अल्बम छपाईला जाताना.

फाइलींचं काम कंटाळवाणं आहे, पण घर टिकतं ते त्यावर. कॅमेऱ्यात दोन कार्डं असतील तर दोन्हींवर तेच फोटो उतरू द्यावेत. घरी आल्यावर त्याच रात्री दोन हार्डडिस्कवर प्रती कराव्यात आणि तिसरी प्रत स्टुडिओबाहेर ठेवावी. फोल्डरला तारीख, आडनाव, गाव असं नाव द्यावं. याचा उपयोग वर्षांनी कळतो. एक दिवस फोन येतो, ‘आमचे आजोबा गेले. दादा, त्यांचा एखादा चांगला फोटो आहे का तुमच्याकडे?’ फेटा बांधून व्याह्यांशी हसत बोलणारे आजोबा एका फ्रेमच्या कोपऱ्यात असतात. तेवढा भाग कापून, मागची गर्दी पुसून, दहाव्याच्या आत प्रिंट घरपोच करावा. त्याचं बिल करू नये.

एक कायद्याची बाब. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो. वेगळा करार झालेला असेल तरच गोष्ट निराळी. म्हणजे लग्नाचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी विचारायला हवं, आणि ऑर्डरच्या कागदावरच परवानगीची ओळ ठेवावी. बारशाच्या फोटोंना तर दर वेळी नव्याने विचारावं.

लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला फुलांचं तयार शुभेच्छापत्र पुढे ढकलण्यापेक्षा अल्बममध्ये न आलेला एक फोटो पाठवावा. पाच मिनिटांचं काम आहे.

अर्थात प्रत्येक घर टिकवायचं नसतं. पहिल्याच भेटीत आपल्या मुलांना अरे-तुरे करून खेकसणारे, किंवा ‘आधीच्या फोटोग्राफरला आम्ही बाकी दिलीच नाही’ हे हसत सांगणारे यजमान भेटतात. त्यांना तारीख रिकामी नाही असं सांगून मोकळं व्हावं. विसार घेतला असेल तर तो पूर्ण परत करावा, आणि तेही लवकर, म्हणजे त्यांना दुसरा फोटोग्राफर मिळतो आणि आपली तिथीही वाया जात नाही.