विकतचे सॉफ्टवेअर आणि घेणाऱ्याची जबाबदारी

आपल्या गावातील पतसंस्था घ्या, शाळा घ्या, रुग्णालय घ्या. सभासदांची नावे, पत्ते, देणी-घेणी आता वह्यांतून राहत नाहीत, ती संगणकात राहतात. आणि ज्या सॉफ्टवेअरच्या स्वाधीन ती केलेली असतात, ते संस्थेने स्वतः लिहिलेले नसते. बाजारातून विकत घेतलेले असते. बाहेरून ते देखणे दिसते. पडद्यावर रंगीत चौकटी असतात, पावत्या भराभर छापून निघतात. परंतु आतील आज्ञांची संहिता निष्काळजीपणाने लिहिलेली असली, तर तिचे परिणाम कोणाला भोगावे लागतात आणि घेणाऱ्याने अशा वेळी काय करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

निष्काळजी संहितेचे प्रकार अनेक आहेत. पासवर्ड जसाच्या तसा साठवून ठेवणे, सर्व गिऱ्हाइकांच्या सॉफ्टवेअरला एकच किल्ली बसविणे, दुसऱ्या सभासदाचा क्रमांक टाकताच त्याची माहिती उघडी पडणे, हे सारे त्यांतलेच. यांपैकी एकच प्रकार घेऊन तो नीट समजून घेतला, तर बाकीच्यांचे मर्म आपोआप ध्यानात येते. त्याचे नाव ‘एसक्यूएल इंजेक्शन’. एसक्यूएल ही माहितीच्या कोठाराला, म्हणजे डेटाबेसला, हुकूम देण्याची भाषा आहे.

अशी कल्पना करा की एका कचेरीत खिडकीवर कारकून बसला आहे आणि आत दप्तरखाना आहे. आपण चिठ्ठीवर आडनाव लिहून द्यावयाचे. कारकून ते ‘पुढील व्यक्तीची नोंद द्या’ या आपल्या ठराविक वाक्याखाली उतरवून घेतो आणि कागद आत पाठवितो. आतील दप्तरदार अतिशय आज्ञाधारक आहे; कागदावर जे जे लिहिले असेल ते ते तो करतो. एके दिवशी कोणी चिठ्ठीवर लिहितो, ‘जोशी, शिवाय बाकी सर्वांच्या नोंदीही द्या.’ कारकून तेही मुकाट्याने उतरवितो आणि दप्तरदार सगळे दप्तर बाहेर आणून ठेवतो. कुलूप फोडावे लागले नाही की भिंतीला भोक पाडावे लागले नाही. आलेल्या माणसाचे उत्तर आणि कचेरीचा हुकूम एकाच कागदावर मिसळले, एवढाच दोष.

उपायही तितकाच साधा आहे. हुकूम आधीच पक्का करून ठेवावा आणि आलेले नाव बंद पाकिटात घालून वेगळे पाठवावे. मग पाकिटात काहीही लिहिलेले असो, दप्तरदार ते केवळ नाव म्हणूनच शोधील. त्या नावाची नोंद नसेल तर ‘नाही’ म्हणून सांगेल. संगणकाच्या भाषांतून ही सोय पूर्वीपासून उपलब्ध आहे. या दोषाचे जाहीर वर्णन ‘फ्रॅक’ नावाच्या नियतकालिकात डिसेंबर 1998 मध्ये आले. म्हणजे रोग जुना, औषध जुने, आणि औषध स्वस्तही. तरीही तो अजून आढळतो, हीच खेदाची गोष्ट आहे.

त्याची किंमत किती पडते ते इंग्लंडातील एका उदाहरणावरून दिसेल. टॉकटॉक ही तेथील दूरध्वनी व इंटरनेट पुरविणारी कंपनी. तिने 2009 साली टिस्काली कंपनीचा ब्रिटनमधील व्यवसाय खरेदी केला आणि त्याच्याबरोबर काही जुनी वेब-पाने तिच्या पदरात पडली. ती अजून चालू आहेत याची दादही टॉकटॉकला नव्हती. ऑक्टोबर 2015 मध्ये याच पानांतून, वर सांगितलेल्या युक्तीने, 1,56,959 ग्राहकांची माहिती चोरीस गेली. त्यांपैकी 15,656 जणांचे बँक-खात्यांचे तपशीलही गेले. चौकशीत असे निष्पन्न झाले की त्याच वर्षी जुलैमध्ये आणि सप्टेंबरमध्ये याच वाटेने हल्ले होऊन गेले होते. पण त्या पानांवर कोणाची नजरच नव्हती. ऑक्टोबर 2016 मध्ये तेथील माहिती आयुक्तांनी कंपनीला 4 लाख पौंड दंड केला. पाने दुसऱ्याने लिहिली होती, ही सबब चालली नाही.

दुसरे उदाहरण अधिक अलीकडचे. ‘मूव्हइट ट्रान्सफर’ हे अमेरिकेतील प्रोग्रेस सॉफ्टवेअर कंपनीचे सॉफ्टवेअर. मोठ्या फायली सुरक्षितपणे पाठविण्यासाठी अनेक संस्था ते वापरीत. त्याच्या वेब-भागात हाच दोष होता. मे 2023 च्या अखेरीस ‘क्लॉप’ नावाच्या टोळीने त्याचा फायदा घेतला. सॉफ्टवेअरमध्ये मुळात ‘ह्यूमन’ नावाची एक फाइल होती. चोरांनी तिच्या शेजारी ‘ह्यूमन-टू’ नावाची आपली फाइल बसविली, म्हणजे पाहणाऱ्याला संशय येऊ नये. ब्रिटनमध्ये झेलिस ही पगारपत्रके तयार करणारी कंपनी हे सॉफ्टवेअर वापरीत असे. त्यामुळे तिचे ग्राहक असलेल्या बीबीसी, ब्रिटिश एअरवेज आणि बूट्स यांच्या नोकरांची माहिती उघडी पडली. जगभरात दोन हजारांहून अधिक संस्थांना याची झळ लागली. ज्या नोकराची माहिती गेली, त्याने मूव्हइटचे नावही कदाचित ऐकलेले नसेल!

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. 31 मे रोजी कंपनीने दोष जाहीर करून दुरुस्ती दिली. परंतु संहितेची अधिक तपासणी होताच त्याच जातीचे आणखी दोष सापडले आणि 9 व 15 जून रोजी पुन्हा दुरुस्त्या द्याव्या लागल्या. एका खोलीत वाळवी दिसली म्हणजे ती त्या एकाच खोलीत असेल असे समजू नये. जी लिहिण्याची सवय एका पानात दोष निर्माण करते, तीच इतर पानांतही असते.

मग घेणाऱ्याने करावे काय? पहिली गोष्ट, आपल्याकडे कोणते सॉफ्टवेअर आहे, ते कोठे चालते आणि त्यात कोणाची माहिती आहे, याची यादी ठेवावी. टॉकटॉकचे नुकसान या यादीच्या अभावी झाले. दुसरी, करार करतानाच अटी घालाव्यात: त्रयस्थ तज्ज्ञाकडून तपासणी होईल, अहवाल आपल्याला मिळेल, गंभीर दोष ठरलेल्या मुदतीत दुरुस्त होईल, आणि संबंध तुटल्यास आपली माहिती वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळेल. सही झाल्यावर या गोष्टी मागणे म्हणजे लग्नानंतर याद्या करण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट, दोष आढळला तर तो पुरवठादाराला लेखी कळवावा. कोणत्या पानावर, काय भरले असता, काय घडले, हे क्रमवार लिहावे. ‘तुमचे सॉफ्टवेअर वाईट आहे’ या तक्रारीला उत्तर देता येते. पुराव्याला देता येत नाही. मात्र परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरून पाहू नये. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याच्या कलम 43 खाली त्याबद्दल नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. तपासणी लेखी संमतीने आणि चाचणीच्या प्रतीवरच व्हावी. दुरुस्ती आली की तिच्याबरोबर एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘हाच दोष आणखी कोठे आहे, हे आपण पाहिले काय?’

चौथी गोष्ट दुरुस्ती येईपर्यंतची. ते पान बंद ठेवावे, किंवा ठराविक संगणकांपुरतेच उघडे ठेवावे. सॉफ्टवेअरला डेटाबेसवर कामापुरताच अधिकार द्यावा. बाहेरून येणारी संशयास्पद मागणी अडविणारी वेब-फायरवॉल बसवावी. पण हे टेकू आहेत, दुरुस्ती नव्हे. टेकू दिलेल्या भिंतीखाली वर्षानुवर्षे बिऱ्हाड करणे शहाणपणाचे नाही. आणि ज्या माहितीची गरज संपली ती काढून टाकावी. जे घरात नाही ते चोराला नेता येत नाही.

आपल्या देशातही कायद्याने हेच तत्त्व मान्य केले आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने, प्रत्यक्ष काम दुसऱ्याकडे सोपविले असले तरी, लोकांची माहिती गोळा करणाऱ्या संस्थेलाच जबाबदार धरले आहे. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

आता कोणी म्हणेल, आम्ही साधी माणसे. संहिता आम्हाला वाचता येत नाही. खरे आहे. परंतु पतसंस्थेचा ताळेबंद तरी सर्व सभासदांना कोठे तयार करता येतो? तरीही वार्षिक सभेत उठून हिशेबतपासनिसाचा अहवाल मागण्याचा हक्क आपण बजावतोच. तसाच प्रश्न आता सॉफ्टवेअरबद्दलही विचारावयास हवा: ते कोणी तपासले, केव्हा तपासले, आणि सापडलेले दोष दुरुस्त झाले काय? सभासद हे विचारू लागले म्हणजे संचालक पुरवठादाराला विचारतील. आणि गिऱ्हाईक विचारणारे आहे असे दिसले, की संहिता लिहिणाऱ्याचा हातही अधिक काळजीने चालू लागेल.