पुडी कपाटातच राहिली!

"चार वर्षांचं लेकरू घेऊन जंगलात? वेड लागलं की काय तुम्हाला!" शेजारच्या काकूंनी फाटकातूनच आवाज दिला. मी हसून म्हटलं, "काकू, जंगलातही लेकरं राहतातच की!" आपण किती छान उत्तर दिलं, असं मला त्या दिवशी वाटलं होतं. त्या वाक्याचा खरा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला, आणि तोही चांगलाच!

गोष्ट २०२३ च्या दिवाळीनंतरची. भाऊबीज आटोपली, माहेरवाशिणी आपापल्या घरी गेल्या आणि घर कसं रिकामं रिकामं वाटायला लागलं. माझ्या धाकट्या जावेची मुलगी मनू रोज चित्राचं पुस्तक घेऊन माझ्या मांडीवर बसायची. "मोठी आई, खराखुरा वाघ कधी दाखवशील?" शेवटी एका रात्री जेवताना ठरलंच, मेळघाटला जायचं. हे गाडी चालवणार, सोबत दीर, जाऊ, मनू, सासूबाई आणि मी. एक रात्र सेमाडोहला, दुसरी धारणीला ओळखीच्यांकडे, की परत.

आमचं गाव दर्यापूर. खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यामुळे गोड्या पाण्याची किंमत आम्हा बायकांना कोणी शिकवायला नको. प्रवासाला निघताना आधी पाणी भरायचं, मग बाकीचं. तसं मी चार मोठ्या बाटल्या भरल्या. मनूचे स्वेटर, कानटोपी, डासांचं मलम, चिवडा, शंकरपाळे, उरलेले अनारसे, बिस्किटांचे पुडे... सगळं आठवणीनं घेतलं. एक गोष्ट मात्र राहिली. ती कोणती, ते पुढे सांगते.

अंजनगाव मागे पडलं, परतवाडा आलं आणि समोर सातपुडा उभा राहिला. परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता बिहाली, घटांग करत डोंगरात शिरतो. वळणं अशी की पोटातलं पाणी हलावं. पहिल्याच घाटात मनूला उलटी झाली. थोडा वेळ गाडी थांबवली, तोंड धुतलं, वारा लागला, पोरगी ताजीतवानी झाली. वळणाच्या रस्त्यावर मुलांना खच्चून खाऊ घालू नये, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी निघताना "खा गं, वाटेत काही मिळत नाही" म्हणत तिला दोन अनारसे कोणी खाऊ घातले? मीच!

मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. वर्तमानपत्रात त्याच्या दोनच बातम्या येतात, एक वाघाची आणि दुसरी कुपोषणाची. देशात १९७३-७४ मध्ये जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यातला हा एक आणि महाराष्ट्रातला पहिला. पण गाडीच्या काचेतून दिसतं ते वेगळंच. दोन्हीकडे सागच साग. नोव्हेंबरात पानं नुकती पिवळी पडायला लागलेली, मधेच बांबूची बेटं, झाडाझाडांमध्ये तळहाताएवढ्या कोळ्यांनी विणलेली जाळी. सिपना नदीचं नावही सागावरूनच आलंय, कोरकू भाषेत सागाला सिपना म्हणतात. ती पुढे तापीला मिळते.

आम्ही मोठी माणसं माना वळवून वळवून वाघ शोधत होतो. मनूला मात्र वानरं दिसली, मुंग्यांचं वारूळ दिसलं, रस्त्यावर पडलेलं निळं पीस दिसलं. सेमाडोहला पोहोचल्यावर नदीकाठी ती तासभर गोटे वेचत बसली. "वाघ नाही दिसला गं," असं मी म्हटलं, तर म्हणते, "अगं, तो झोपला असेल." मुलांना घाई नसते. घाई आपल्यालाच असते.

रात्री छान थंडी पडली. जेवून सगळे झोपलो. तीनच्या सुमारास जावेनं मला हलवलं. "ताई, मनूला जुलाब होऊन राहिले." नदीचं पाणी ओंजळीनं प्यायली होती की अनारशाचं झालं, देव जाणे. तासाभरात तीनदा झालं. दिलेलं पाणीही उलटून पडलं. सासूबाई उठून बसल्या. "पाणी नोको देऊ बाई तिले. पाणी देल्लं का उलटी करते पोरगी. पोटाले आराम पडू दे." जावेनं माझ्याकडे पाहिलं. आणि मैत्रिणींनो, मी मान डोलावली!

पहाटे मनू झोपली. जुलाब थांबले. आम्हाला वाटलं, निस्तरलं. म्हणून सातला निघालो. धारणी गाठू, तिथे डॉक्टर आहेतच, असा विचार केला. कोलकासच्या पुढे गेलो आणि पुन्हा सुरू झालं. यावेळी नुसतं पाण्यासारखं. मोबाइलला रेंज नाही. ह्यांनी वेग वाढवला, तर वळणांमुळे मनूला आणखी मळमळ. ती रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. थोड्या वेळानं रडणंही थांबलं. गाडीत कोणी बोलेना. जावेच्या मांडीवर ते एवढंसं पोर कपड्याच्या बोचक्यासारखं पडलं होतं. 'हिला जंगल दाखवायचा हट्ट माझा होता,' एवढंच मला आठवत होतं.

रस्त्याला लागून एक गाव आलं. समोरासमोर घरांच्या दोन ओळी, मधली वाट झाडून लखलखीत. मनूला धुवायला म्हणून गाडी थांबवली. एक बाई पाण्याचा हंडा घेऊन आली. मनूकडे एकदा बघून तिनं मुलाला पळवलं, आणि पाच मिनिटांत एक तिशीतली मुलगी खांद्याला पिशवी अडकवून आली. गावची आशा. तिनं आमची नावंगावं काही विचारली नाहीत. मनूच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ओठ पाहिले आणि विचारलं, "पोरीनं लघवी कवा केली?"

आम्ही पाच मोठी माणसं. दोघं पदवीधर. एकालाही सांगता येईना.

"पाणी कवा पाजलं?"

जाऊ हळूच म्हणाली, "रात्री चारला... उलटी होते म्हणून नाही दिलं."

ती रागावली नाही. नुसती म्हणाली, "उलटी झाली तरी थोडं पोटात राहतंच ना बाई." पिशवीतून पुडी काढली, हात धुतले, आमचीच एक लिटरची बाटली घेतली. पूर्ण पुडी, पूर्ण एक लिटर पाणी. मग चमचा. एक चमचा पाजला की दोन-तीन मिनिटं थांबायचं, मग दुसरा. चौथ्या चमच्याला मनूनं ओकलं. सासूबाई म्हणाल्या, "पाय, म्हटलं होतं ना!" आशाताई शांतपणे म्हणाली, "आता धा मिन्टं थांबू. मंग आणखी सावकाश." प्रत्येक चमच्याआधी ती मनूला म्हणायची, "डा... डा..." कोरकूत पाण्याला डा म्हणतात. आणि धा मिनिटांनी मनूनं खरंच तोंड उघडलं.

मैत्रिणींनो, आता ती राहिलेली गोष्ट सांगते. आमच्या बचत गटात आणि महिला मंडळात जुलाबावर प्रात्यक्षिक करून दाखवणारी बाई म्हणजे मी! ओआरएसच्या पुड्यांचा अख्खा डबा माझ्या घरच्या कपाटात होता. "बायांनो, जुलाबात पाणी तोडू नका" हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल! ओआरएस आपल्याच देशातल्या एका डॉक्टरनं किती मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवलं, हेही मी सांगते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातले लाखो निर्वासित बंगालमध्ये आले होते. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली, सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या आत आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. ही सगळी माहिती मला तोंडपाठ. आणि घरच्या लेकरावर वेळ आली, तेव्हा अंधारात, घाबरून, मी तिचं पाणी तोडायला मान डोलावली.

थोडं पोटात टिकायला लागल्यावर आशाताई आमच्याच गाडीत बसली. "आरोग्य केंद्रात दाखवून घेऊ," म्हणाली. सातवी सीट तिची झाली. रस्ताभर बाटली तिच्या हातात, चमचा माझ्या. वळण आलं की ती म्हणायची, "थांबा." सरळ रस्ता आला की, "द्या." त्या दिवशी मला जंगल दिसलंच नाही. मला फक्त चमचा दिसत होता.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासलं. सलाइनची गरज नाही, हेच पाणी चालू ठेवा, म्हणाले. झिंकच्या गोळ्या दिल्या, रोज एक, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी बंद करायच्या नाहीत. आणि खाणंही तोडायचं नाही, मऊ भात, वरण, केळं द्यायचं. आम्ही तिथल्याच बाकावर बसून राहिलो. दुपारी मनू उठली आणि म्हणाली, "शू आली." काय सांगू! सासूबाईंनी चक्क हात जोडले. दीर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. पोराला शू झाली म्हणून एवढा आनंद झालेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

आशाताईला काय द्यावं, कळेना. तिनंच विचारलं, "परततानी मले गावात सोडता का? तीन बाळंतिणी पाहाच्या हायेत." बाळ जन्मल्यापासून बेचाळीस दिवस, ठरलेल्या दिवशी घरी जाऊन बघायचं, हे तिचं काम. पक्का पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला. आम्ही तिला सोडलं. उतरताना उरलेल्या दोन पुड्या तिनं जावेच्या हातात ठेवल्या, माझ्या नाही! आईच्या हातात असाव्यात, म्हणाली. मी मंडळात काय काम करते, हे मी तिला सांगितलं नाही. सांगायला तोंड नव्हतं.

धारणी रद्द करून आम्ही मागे फिरलो. गाडीत जाऊ म्हणाली, "ताई, मागच्या महिन्यात मंडळात तुम्ही हेच सांगितलं होतं ना? मले वाटलं, लहान पोराचं वेगळं असन." टोमणा नव्हता तो. म्हणूनच जास्त लागला. तिला शंका होती, पण मी मोठी, शिकलेली, म्हणून तिनं विचारलं नाही. मलाही आठवत होतं, पण आईंसमोर "नाही" म्हणायचा धीर झाला नाही. एकमेकींचा मान राखता राखता आम्ही तिघी बायका त्या लेकराचं पाणी तोडून बसलो होतो.

म्हणून सांगते, मुलांना घेऊन जरूर फिरा. जंगल दाखवा. पण ओआरएसच्या पुड्या आणि एक चमचा पर्समध्ये हवा, कपाटात नको. पुडी मिळाली नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त नको. कालवलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्या. मूल पाणीच पीत नसेल, सुस्त पडलं असेल, डोळे खोल गेले असतील, लघवी होत नसेल, शौचात रक्त दिसलं, तर चमचा चालू ठेवत थेट दवाखाना गाठा. निघण्याआधी वाटेतली आरोग्य केंद्रं कागदावर लिहून घ्या, कारण रेंज असेलच असं नाही. आणि घरात मोठ्यांचं ऐका, पण पाणी तोडा म्हणाले तर तेवढं ऐकू नका.

संध्याकाळी घाट उतरायच्या आधी ह्यांनी एकदम गाडी थांबवली. समोर तीन रानगवे रस्ता ओलांडत होते, काळे, धिप्पाड, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. आम्ही काचा बंद करून गप्प बसलो. मनू उठून बसली, नाक काचेला लावून बघत राहिली. गवे झाडीत गेले. मग ती माझ्याकडे वळली.

"मोठी आई, डा दे."

जावेनं बाटली पुढे केली. सासूबाईंनी आपल्या हातानं चमचा धरला.