ओवी कोणाची? ख्रिस्ती श्रद्धा आणि लोकांची कला

ख्रिस्ती धर्म कलेकडे कसा पाहतो, असे कोणी विचारले की दोन परस्परविरोधी चित्रे आपल्या डोळ्यांपुढे येतात. जुन्या गोव्यातल्या चर्चमधली सोनेरी वेदी, कोरीव लाकूडकाम आणि संतांच्या मूर्ती हे एक चित्र. काही प्रोटेस्टंट प्रार्थनामंदिरांतली कोरी पांढरी भिंत हे दुसरे. दोन्ही घरांत बायबल एकच, मग इतका फरक का? या प्रश्नाच्या उत्तराचा काही भाग युरोपात सापडतो आणि काही आपल्या मराठी ओवीत. म्हणून हा विषय आपलाही आहे.

मूळ अडचण बायबलमध्येच आहे. मूर्ती घडवून तिला नमन करू नये, अशी दहा आज्ञांतली एक आज्ञा आहे. त्यामुळे सुरुवातीचे ख्रिस्ती लोक कलेबाबत बिचकून असत. इसवी सन 200 च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुलियनने रोमन खेळतमाशांविरुद्ध एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. हे खेळ जुन्या देवतांच्या उत्सवांतून निघाले आहेत, तेव्हा पाहणाराही त्या पूजेत सामील होतो, हा त्याचा एक मुख्य आक्षेप होता. पण त्याच्याही आधी संत पौलाने अथेन्समध्ये प्रवचन करताना ग्रीक कवीच्या वचनाचा आधार घेतला होता. येथून दोन प्रवाह निघतात. एक म्हणतो, कलेचे रूप आपला जुना देव बरोबर घेऊनच येते. दुसरा म्हणतो, रूप हे भांडे आहे. त्यात काय भरले ते पाहा.

आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनी प्रतिमांवर बंदी घातली, तेव्हा दमास्कसच्या योहानाने दुसऱ्या प्रवाहाला तात्त्विक पाया दिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : अदृश्य देवाचे चित्र काढता येत नाही, हे खरे. पण ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे देव येशूच्या रूपाने देहधारी झाला, आणि ज्याने देह घेतला त्याचे चित्र काढता येते. 787 साली निकिया येथील धर्मपरिषदेने हे मान्य केले. आदर प्रतिमेला, आराधना मात्र एका देवाची, असा भेद तिने केला. सोळाव्या शतकात हा वाद पुन्हा पेटला. झुरिकमध्ये 1524 साली चर्चमधल्या प्रतिमा उतरवल्या गेल्या. लूथरने मात्र चित्रे सरसकट हटवली नाहीत, आणि सामान्य लोकांना गाता यावीत म्हणून जर्मन भाषेत गीते रचली.

माझ्यासारख्या जैन घरात वाढलेल्या माणसाला हा वाद परका वाटत नाही. मूर्तिपूजक आणि स्थानकवासी हे आमच्यातलेच दोन मार्ग आहेत. विमलसूरींनी प्राकृतात ‘पउमचरिय’ रचून रामकथा जैन दृष्टीने सांगितली, तेव्हा त्यांनीही लोकांच्या ओळखीच्या कथेला नवा आशय दिला.

आता गोव्याकडे येऊ. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट पाद्री 1579 साली गोव्यात आला आणि पुढे साष्टीत राहिला. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे बंद झाली होती, आणि त्या जागी वाचायला-ऐकायला काही नव्हते. ही उणीव ओळखून त्याने बायबलची कथा मराठी ओवीत गुंफली. 1616 साली रायतूर येथे छापलेल्या या ‘ख्रिस्तपुराणा’त जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. देवनागरी खिळे नसल्याने ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. पण भाषा मराठी, छंद ओवीचा आणि घाट पुराणाचा. ज्ञानेश्वरांच्या छंदात येशूची कथा सांगताना त्याला संकोच वाटला नाही.

आता याच्या शेजारी दुसरी घटना ठेवून पाहा. 1736 साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक फर्मान काढले. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांनी लग्नात वोव्यो, म्हणजे आपल्या ओव्या, म्हणू नयेत; देशी वाद्ये, देशी पोशाख, अंगणातली तुळस हे सारे सोडावे, असे त्यात होते. त्याआधी 1684 साली लोकभाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याची सक्ती करणारा हुकूम निघालाच होता. ज्या धर्माच्या पाद्र्याने ओवीला पुराणाचा मान दिला, त्याच धर्माच्या न्यायासनाने सव्वाशे वर्षांच्या आत घरातल्या बायकांच्या तोंडची ओवी गुन्हा ठरवली. तर्तुलियनचा संशय येथे कायदा झाला. त्याची किंमत लोकांनी आपली गाणी गमावून मोजली.

पुढे पहिल्या वाटेचे प्रवासी आपल्याकडे पुन्हा झाले. 1895 साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन सोडले नाही, उलट येशूच्या भक्तीसाठी वापरले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्यात लक्ष्मीबाईंचा मोठा वाटा होता. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात शिकून आले आणि त्यांनी साडी नेसलेली, भारतीय चेहऱ्याची मारिया रंगवली. गोव्यात त्यांच्यावर टीका झाली, आणि ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात जाऊन राहिले. 1967 साली ते वारले. त्याआधी चारच वर्षे, 1963 साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत त्या त्या प्रदेशाच्या कलेला आणि संगीताला अधिकृत जागा दिली होती. त्यांची बरीच चित्रे आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत.

मला यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. देव देहधारी झाला, असे मानणारा धर्म कोणत्याही प्रदेशाच्या भाषेला, सुराला, वस्त्राला अपवित्र म्हणू लागला, तर तो आपल्याच तत्त्वाविरुद्ध जातो. संशयाला मुळीच अर्थ नाही, असे मात्र नाही. पाहणाऱ्यावर खेळाचा परिणाम होतो, हे तर्तुलियनचे निरीक्षण आजच्या सिनेमालाही लागू आहे. म्हणून ख्रिस्ती विचारातून घेण्यासारखे दोन प्रश्न आहेत. हे रूप कोठून आले, हा एक. ते ऐकून-पाहून माणूस अधिक करुणामय होतो की अधिक कठोर, हा दुसरा. इन्क्विझिशन पहिल्याच प्रश्नावर थांबले. स्टीफन्स दुसऱ्यापर्यंत गेला.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे दोन्ही प्रश्न रोज भेटतात. लग्नात कोणती गाणी लावायची, सुनेच्या माहेरची कानडी किंवा गुजराती गाणी चालतील का, नातवंडांनी काय पाहावे, यावर घरोघर वाद होतात. असा वाद निघेल तेव्हा बंदी घालण्याआधी दुसरा प्रश्नही विचारावा. आणि ‘ख्रिस्तपुराण’ आता देवनागरीत मिळते. त्यातला एखादा अध्याय घरात मोठ्याने वाचून पाहावा. ओवी कोणाची, याचे उत्तर कानांना आपोआप मिळेल.