गर्दीत हरवणारी रेंज

डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडली, की दिव्याच्या आसपास व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो उघडतच नाही, नुसतं चक्र फिरतं. कंपनीला शिव्या घालण्याआधी डबा बघा. धातूचा पत्रा रेडिओलहरी परतवतो. खिडकीतून आत येतात त्या माणसं शोषून घेतात, कारण शरीरात निम्म्याहून जास्त पाणीच. शेजाऱ्याची पाठ म्हणजे भिंतच! त्यात शेकडो फोन एकदमच टॉवर बदलत असतात. रेंज क्षीण झाली की फोन जास्त ताकद लावून लहरी सोडतो. खिसा गरम, बॅटरी लाल. लांब पल्ल्याच्या गाडीनं १९१६ च्या पारसिक बोगद्यातून गेलात, तर सुमारे १.३ किलोमीटर डोंगराचा खडकच आडवा. तिथे दाराशी उभं राहूनही उपयोग नाही. लोकलमध्ये मात्र होतो, फक्त दारापर्यंत पोचता आलं पाहिजे.