बोटभर विमान

दिवाळी आली कीं भोर-वेल्ह्याकडील अंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात. राजगड, तोरणा, रोहिडा हे प्रत्यक्ष डोळ्यांसमोर असल्यामुळें येथील मुलांस नमुन्याची वाण नसते. माची, बुरूज, बालेकिल्ला हें सर्व हातानें घडतें. आणि मग बाजारांतून आणलेला मावळा त्यावर चढतो, तो बुरुजाहून उंच! वडील मंडळी कौतुक करतात व तें योग्यच आहे. परंतु आमचें आयुष्य शाळेंत गेल्यामुळें आमची दृष्टि त्या मावळ्याच्या उंचीवर खिळते.

संस्कृतांत ‘प्रमाण’ ह्या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक माप आणि दुसरा यथार्थ ज्ञानाचें साधन. हा योगायोग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. शुल्बसूत्रांत यज्ञवेदी मोठी करावयाची असतां तिचा आकार तोच कसा राखावा, ह्याचा सूक्ष्म विचार केलेला आहे. मोठें करतांना जो नियम, तोच लहान करतांनाही. हा नियम मुलांच्या अंगीं मुरविण्यास एक उत्तम साधन हल्लीं उपलब्ध आहे, तें म्हणजे पेटींतून मिळणारें प्लॅस्टिकचें लहान विमान.

उदाहरणार्थ मिग-२१ घ्या. हें लढाऊ विमान १९६३ सालीं आपल्या वायुदलांत आलें. पुढें नाशिकजवळ ओझर येथें, म्हणजे महाराष्ट्राच्याच भूमीवर, अशीं विमानें बांधलीं गेलीं. १४ डिसेंबर १९७१ रोजीं ढाक्याच्या राज्यपालभवनावर ह्याच विमानांनीं हल्ला केला, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदीगड येथें त्यांस समारंभपूर्वक निरोप देण्यांत आला. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारें ७.१५ मीटर. १४४ पटींनीं लहान केल्यास तो ५ सेंटिमीटर भरतो. लांबी बोटभर होते. त्याच हिशेबानें पांच फूट आठ इंच उंचीचा वैमानिक अवघा १२ मिलिमीटरांचा होईल, आणि आपला तोरणा समुद्रसपाटीपासून मोजतां सुमारें पावणेदहा मीटर, म्हणजे तीन मजली घराएवढा होईल!

पेटींतील भाग सांच्यांत ओतलेले असतात. वितळलेलें प्लॅस्टिक सांच्याच्या कानाकोपऱ्यांत पोंचावें, म्हणून फार बारीक भाग करितां येत नाहींत. पंखाची मागील कड अर्ध्या मिलिमीटराची असली, तर १४४ नें गुणून ती ७२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन इंच जाड झाली. असा ठोकळा खऱ्या विमानास शोभणार नाहीं. येथेंच हातानें सुधारणा करण्यास वाव आहे, व तिचें साहित्य प्रत्येक एकत्र कुटुंबांत पडलेलें असतें.

पंखाची कड आंतल्या बाजूनें बारीक पॉलिश पेपर पाण्यांत भिजवून हलक्या हातानें घांसावी. विमानाच्या नाकापुढें जी लांब नळी असते, ती वाऱ्याचा दाब घेऊन वैमानिकास वेग कळविते. पेटींतील नळी खुंटीसारखी जाड असते. ती कापून तेथें इंजेक्शनची कोरी, न वापरलेली सुई बसवावी. पाव मिलिमीटर जाडीची सुई ह्या प्रमाणांत ३६ मिलिमीटरांची, म्हणजे खरी शोभणारी होते. आसनाचे पट्टे आजोबांच्या गोळ्यांच्या पाकिटावरील चंदेरी वर्खाचे कापावे. त्याच पाकिटाचा पारदर्शक पत्रा कढत पाण्यांत धरून मऊ झाला कीं कोरलेल्या लाकडी ठशावर दाबावा, आणि थंड होईपर्यंत तसाच धरावा. वैमानिकाच्या डोक्यावरील कांच तयार होते. ठसा मात्र पत्र्याच्या जाडीपुरता लहान कोरावा. सुटे भाग ज्या काड्यांस चिकटलेले असतात, त्यांतील एक काडी मेणबत्तीवर मऊ करून ज्योतीपासून दूर नेऊन ताणली, तर केंसासारखा तंतु निघतो. वैमानिकाच्या हातांतील दांडा त्याचा होतो. ब्लेड, ज्योत व कढत पाणी ह्यांच्या कामीं वडील माणूस जवळ असावें, हें सांगणें नलगे.

‘हा सारा पैशाचा व वेळेचा अपव्यय,’ असा आक्षेप घरोघर निघेल. पैशाचें म्हणाल, तर वरील सुधारणांस जवळजवळ कांहींच लागत नाहीं. वेळेचें म्हणाल, तर गुणाकार-भागाकार वहींत करणारा मुलगा उत्तर चुकलें तर खोडून टाकतो. पण चुकीच्या मापाचा पट्टा आसनावर बसतच नाहीं, वस्तुच त्यास परत मोजावयास लाविते. असा निष्ठुर आणि तरीही न रागावणारा शिक्षक आम्हांस शाळांतून क्वचितच दिसला.

ह्याहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे. मुलगा ५ मिलिमीटरांच्या आसनावर पट्टा चिकटवितो, तेव्हां केव्हांतरी त्याच्या मनांत येतेंच कीं येथें खरोखर कोण बसत होतें? मिग-२१ विमानांनीं देशाची दीर्घ सेवा केली, तसेच त्यांच्या अपघातांत कित्येक तरुण वैमानिकांनीं प्राणही वेंचले. नाकावरील ती नळी केवळ शोभेची नव्हे; तिनें चुकीचा वेग सांगितला तर माणसाचा जीव जातो. जें बारीक आहे तें क्षुल्लक नसतें, हें ज्या मुलास हातांतून कळलें, तो पुढें पूल बांधो, औषधें तयार करो कीं जमाखर्च लिहो, ‘इतकें चालतें’ असें सहसा म्हणणार नाहीं.

तेव्हां येत्या सुटींत मुलानें वा मुलीनें अशी पेटी मागितली, तर नाहीं म्हणूं नये. फक्त पेटीबरोबर एक फूटपट्टी द्यावी, आणि विमान पुरें झाल्यावर ‘छान आहे’ एवढ्यावर न थांबतां ‘ह्यांतला कोणता भाग तूं स्वतः केलास?’ असें विचारावें.