चौकातली मोहीम

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी जुन्या नागपुरात मारबतींचे पुतळे निघतात. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असं सांगितलं जातं. ईडापीडा, रोगराई, जे जे वाईट ते मारबतीनं सोबत घेऊन गावाबाहेर जावं, असा गजर चाललेला असतो आणि इतवारीच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. मारबतींच्या मागेपुढे बडगे असतात. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद आणि जुने कपडे, गळ्यात एक पाटी. पाटीवर त्या वर्षीचा राग लिहिलेला असतो: महागाई, भ्रष्टाचार, रस्त्यातले खड्डे, नशेचा धंदा. बडगे बहुतेक मोहल्ल्यातले पोट्टेच बनवतात. यंदा कोणावर बडग्या काढायचा यावर त्यांच्यात भांडणं होतात, आणि ही भांडणं फार मोलाची असतात.

आपल्या गावात, आपल्या प्रश्नावर माध्यम मोहीम कशी आखायची हे तरुणांना शिकवायचं असेल, तर नागपुरात धडा बडग्यापासूनच सुरू करावा, असं मला वाटतं. बडग्याला विषय एकच असतो. दोन रागांचा बडग्या कोणी करत नाही. पाटी चालत्या मिरवणुकीत, गर्दीतल्या माणसाला लांबून वाचता यावी लागते, म्हणून तिच्यावर मोजके शब्द. दिवस पंचांगानं ठरवलेला, वाट वर्षानुवर्षांची, आणि वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार आधीच कोपऱ्यावर उभे. प्रसिद्धीशास्त्राच्या वर्गात विषय, संदेश, श्रोता, वेळ आणि माध्यम असे वेगवेगळे धडे असतात. ते सगळे इथं एका पुतळ्यात बसलेले दिसतात.

पण बडग्या बघणाऱ्याकडे काही मागत नाही. खड्ड्यांवरचा बडग्या जळतो, लोक घरी जातात, खड्डा जागेवर राहतो. मारबतीचं काम वाईट घेऊन जाण्याचं आहे, ते ती चोख करते. तिच्याकडून दुसरी अपेक्षा करणं चूक. मोहिमेला मात्र मागता आलं पाहिजे. कोणाकडे, काय, कधी आणि किती, हे चार प्रश्न सुटले की आखणीचं अवघड काम संपतं. मग फलक, रील, प्रेसनोट हे सगळं उरतं, आणि ते पोरांना येतच असतं.

मागायचं कसं, याचं नागपुरातलं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण पौर्णिमा दिवसाचं आहे. अनिल सोले महापौर असताना महापालिका आणि ग्रीन व्हिजिल फाउंडेशन यांनी हा उपक्रम सुरू केला. पौर्णिमेच्या रात्री एक तास गरज नसलेले दिवे बंद ठेवायचे. कौस्तव चॅटर्जी यांच्या या संस्थेचे तरुण स्वयंसेवक पौर्णिमेला शहरातल्या एखाद्या चौकात किंवा बाजारात जातात, दुकानदारांशी आणि घरमालकांशी बोलतात आणि पाटीवरचे, शोकेसमधले, गच्चीवरचे जास्तीचे दिवे तासभर विझवायला सांगतात. वीज वाचवा असं मोघम न सांगता ते समोरचा एक दिवा दाखवतात आणि तो आत्ता बंद करा म्हणतात.

आखणीच्या नजरेनं बघितलं तर यातली प्रत्येक गोष्ट शिकवण्याजोगी आहे. सिडनीत २००७ साली सुरू झालेला अर्थ अवर वर्षातून एकदा येतो. जगभर त्याची बातमी होते आणि पुढच्या मार्चपर्यंत तो विसरला जातो. पौर्णिमा दर महिन्याला येते. तिची तारीख सांगायला जाहिरात लागत नाही, घराघरातल्या कालनिर्णयवर ती छापलेली असते. दिवे विझवायची रात्र चांदण्याची आहे, त्यामुळे अंधाराची भीती घालणारा माणूस आधीच निरुत्तर होतो. आणि मागणी इतकी लहान आहे की नाही म्हणणाऱ्या दुकानदाराला कारण शोधावं लागतं. नागपूरला कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रं लागून आहेत. कोळसा, राख आणि आपल्या दुकानावरची पाटी यांचं नातं सांगायला इथल्या पोराला दूरचं उदाहरण शोधावं लागत नाही.

एका रात्री एका चौकात वाचलेली वीज फार नसते, हे खरं आहे. पण ज्या विद्यार्थ्यानं तासाभरात पंचवीस-तीस अनोळखी माणसांसमोर उभं राहून एक वाक्य पंचवीस-तीसदा बोललं, त्याला आपलं कोणतं वाक्य चालतं आणि कोणतं पडतं हे कळतं. तिसऱ्या दुकानापर्यंत पर्यावरण हा शब्द गळून पडतो. दहाव्या दुकानापर्यंत हिंदी येते. नागपूर १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं. या शहराचा बाजार आजही मराठी-हिंदीत मिसळून बोलतो आणि वर्तमानपत्रं मराठी, हिंदी, इंग्रजी अशी तिन्ही निघतात. म्हणून इथं मोहिमेचं वाक्य सुरुवातीपासून दोन भाषांत घडवावं लागतं. मराठीत लिहून हिंदीत उतरवलेलं वाक्य इतवारीतल्या व्यापाऱ्याला लगेच कळतं, आणि तो चहा पाजून पोरांना वाटेला लावतो.

आता वर्गात बसून करायचा सराव. नागपुरी मुलांसाठी नायलॉन मांजापेक्षा चांगला विषय मला सुचत नाही, कारण इथं मोहीम करणारे आणि मोहिमेचे श्रोते एकाच वयाचे आहेत. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये नायलॉन आणि कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं या विषयाची स्वतःहून दखल घेतली. संक्रांतीला शहरातले उड्डाणपूल वाहतुकीसाठी बंद ठेवायची वेळ पोलिसांवर आली, कारण पुलावरून दुचाकीनं जाणाऱ्याच्या गळ्याशी मांजा येतो आणि गळे चिरले जातात. माणसं मेली आहेत. हा धागा कुजत नाही, सहज तुटत नाही, झाडांवर आणि तारांवर महिनोन्‌महिने लटकत राहतो आणि पक्षी त्यात अडकून पंख गमावतात.

कोणत्याही महाविद्यालयातल्या मुलांना या विषयावर मोहीम आखा म्हटलं की पहिल्या बैठकीतून एक रॅली, एक पथनाट्य, एक चित्रकला स्पर्धा आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याची तारीख निघते. इथंच शिक्षकानं थांबवायला हवं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मांजा विकत घेऊन झालेला असतो. चक्री भरून गच्चीवर ठेवलेली असते. त्या दिवशी रॅली काढणं म्हणजे पेरणी झाल्यावर बियाणं निवडायला बसणं. जुनी शुक्रवारी पतंगांचा बाजार; तिथला माल कधी येतो, मुलं पहिली चक्री कधी घेतात, पैसे कोणाकडून घेतात, हे आधी जाऊन विचारायचं. उत्तर डिसेंबरकडे किंवा त्याच्याही मागे बोट दाखवेल. मग मोहिमेची तारीख आपोआप मागे सरकते, आणि सगळी आखणी शेवटाकडून सुरुवातीकडे करावी लागते. ही उलटी मोजणी एकदा हाताखालून गेली की विद्यार्थी पुढच्या कोणत्याही मोहिमेत तारीख सोयीनं ठरवत नाही.

मग श्रोते वेगळे करायचे. पतंग उडवणारा बारा वर्षांचा मुलगा, त्याला पैसे देणारे आईवडील, दुकानदार, दुचाकीवरून जाणारी बाई, गच्चीचा मालक. या पाचांना एकच भित्तिपत्रक देणं म्हणजे एकालाही काही न सांगणं. बारा वर्षांच्या मुलाला पक्ष्यांचे फोटो दाखवून फारसं काही होत नाही. त्याला ‘ओ काट’ ओरडायचं असतं. त्याच्याशी बोलायचं तर पेच कसे लढवले जातात हे माहीत असणारा, सुती बरेली मांजावर चांगला खेळणारा मोठा मुलगा पाहिजे. त्यानं म्हणावं, नायलॉननं पतंग काटण्यात खेळ नाही. हे वाक्य प्राध्यापकानं म्हटलं तर फुकट जातं. आईवडिलांकडे मागणी वेगळी: चक्री घ्यायला पोराबरोबर स्वतः जा. दुचाकीवाल्या बाईला सांगायचं ते फक्त गळ्याला दुपट्टा नीट गुंडाळण्याचं. दुकानदाराला कायदा माहीत असतो. त्याला गिऱ्हाईक हवं असतं, आणि सुती मांजा मागणारी दहा पोरं एका संध्याकाळी त्याच्या दुकानात गेली तर त्या संध्याकाळचा परिणाम रॅलीहून जास्त होतो.

माध्यमं यानंतर येतात. पानठेल्याच्या काचेवर चिकटवलेला कागद दिवसभरात किती डोळे बघतात? कचरागाडीच्या भोंग्यावर तीस सेकंद मिळतील का, त्यासाठी झोन कार्यालयात कोणाला भेटायचं? शिकवणी वर्गांच्या बाहेर संध्याकाळी मुलं कुठं घोळक्यानं उभी राहतात? १६ जुलै १९४८ पासून बोलत असलेल्या आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर तरुणांच्या कार्यक्रमात जागा मिळेल का? व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर सोसायटीच्या गटात कोणी टाकला तर वाचला जातो, सचिवानं की शेजारच्या काकूंनी? हे प्रश्न लहान वाटतात, पण स्थानिक मोहीम यांच्यावरच उभी राहते किंवा पडते. आपल्या प्रभागाचा असा नकाशा काढायला लावणं हा मला या शिक्षणातला सगळ्यात महत्त्वाचा गृहपाठ वाटतो.

वर्तमानपत्रांशी वागणंही शिकवावं लागतं. मुलं कार्यक्रम झाल्यावर प्रेसनोट पाठवतात: अमुक यांच्या हस्ते उद्घाटन, तमुक यांची उपस्थिती, शेवटी आभार. शहर पानावरच्या उपसंपादकाला त्यातून काढता येण्यासारखं काही नसतं. त्याऐवजी दोन दिवस आधी, दुपारी, वर्तमानपत्राची बैठक सुरू व्हायच्या आत एक फोन: परवा संध्याकाळी दहा मुलं जुनी शुक्रवारीत फक्त सुती मांजा मागायला जाणार आहेत, येता का? बातमी ही घडणाऱ्या गोष्टीची होते, हे विद्यार्थ्याला त्या फोनवरच्या प्रश्नोत्तरातून समजतं.

नागपूरनं हे शंभर वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं आहे. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात सिव्हिल लाइन्समध्ये चरख्याचा झेंडा घेऊन जायला बंदी होती. १ मेपासून स्वयंसेवकांच्या तुकड्या त्या दिशेनं निघू लागल्या आणि पकडल्या जाऊ लागल्या. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हाती घेतली, देशभरातून तरुण येत राहिले. सुभद्राकुमारी चौहान तेव्हा एकोणीस वर्षांच्याही नव्हत्या. त्यांनी इथं अटक करवून घेतली. १८ ऑगस्टला मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली. साडेतीन महिने हा लढा टिकला त्याचं एक कारण त्याच्या रचनेत आहे. मागणी एका रस्त्याची होती. तुकडी आली, निघाली, पकडली गेली, आणि उद्याची तुकडी तयार होती. वर्तमानपत्राला रोज लिहायला काहीतरी मिळत होतं, आणि दूर गावातल्या तरुणाला आपण यात नेमकं काय करायचं हे ते वाचून कळत होतं.

हे सगळं शिकवायला नागपुरात संस्था नाहीत असं नाही. हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ साली पत्रकारितेचा विभाग सुरू झाला, तेव्हा देशात असे विभाग बोटांवर मोजण्याइतके होते. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाचे रोलंड वोल्झली तिथं शिकवायला आले आणि भारतीय पत्रकारितेवरचं एक पुस्तक त्यांनी त्याच काळात संपादित केलं. तेव्हापासून या शहरानं बातमीदार घडवले. मोहीम आखणाऱ्यांचं शिक्षण मात्र मुख्यतः राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) वाट्याला आलं. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. सकाळी प्रभातफेरी, दिवसा श्रमदान, संध्याकाळी प्रबोधन. गाडगेबाबांच्या दिवसाचा क्रमही हाच होता. आधी गाव झाडायचं आणि मग रात्री कीर्तन. दिवसभर खराटा चालवणारा माणूस रात्री काय बोलतो हे ऐकायला गाव थांबतं.

रासेयोच्या शिबिरांबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच एक मागणं आहे. शिबिराच्या अहवालात कार्यक्रमांची यादी, उपस्थिती आणि फोटो असतात. मोहिमेचा अहवाल त्यानं पुरा होत नाही. मांजाच्या मोहिमेत मोजायच्या गोष्टी वेगळ्या आहेत: सुती मांजा मागितल्यावर किती दुकानांनी दिला, संक्रांतीनंतर आपल्या गल्लीतल्या झाडांवरून आणि तारांवरून किती वजनाचा धागा उतरवला, त्यातला नायलॉन किती. पुढच्या वर्षी त्याच गल्लीत तेच वजन पुन्हा करायचं. सेमिनरी हिल्सवरच्या वन विभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये जखमी पक्ष्यांवर उपचार होतात. तिथं जाऊन जानेवारीत मांजानं जखमी झालेले पक्षी कोणत्या भागातून आले हे विचारता येतं, आणि ते भाग आपल्या प्रभागाच्या नकाशावर लावता येतात. हे आकडे मोहिमेनंतर जुळवायला घेतले तर मिळत नाहीत. ते कोण, कुठं, कोणत्या वहीत टिपणार हे पहिल्या बैठकीतच ठरवावं लागतं, घोषवाक्य ठरायच्या आधी. आणि ती वही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे द्यावी, कारण शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी पुढच्या संक्रांतीला महाविद्यालयात नसतो.