नीतीला देवाचे अधिष्ठान हवे काय?

देव नाही, मग पापाची भीती कशाची? आणि भीती नाही, तर माणूस नीतीने कशाला वागेल? हा प्रश्न अमरावती-अकोल्याकडील बौद्ध तरुणाला गावात, कचेरीत आणि महाविद्यालयातही ऐकावा लागतो. विचारणारा पुष्कळदा सज्जन असतो. परंतु प्रश्नाच्या पोटात एक आरोप असतो. तुम्ही १९५६ साली देव टाकलेत तेव्हाच नीतीचा आधारही टाकलात, असा तो आरोप. आमचे विद्यार्थी यावर गोंधळतात. काही जण उत्तरादाखल बुद्धालाच देव करून मोकळे होतात. काही जण नीती हे सगळे वरच्यांचे ढोंग आहे असे म्हणून प्रश्नच झटकून टाकतात. ही दोन्ही उत्तरे आपल्याला परवडणारी नाहीत. म्हणून हा प्रश्न मुळातून तपासला पाहिजे.

१

हा प्रश्न नवा नाही. जवळजवळ चोवीसशे वर्षांपूर्वी प्लेटोने लिहिलेल्या एका संवादात सॉक्रेटिस एका धर्मनिष्ठ गृहस्थाला कोड्यात टाकतो. एखादे कृत्य देवांना आवडते म्हणून ते चांगले ठरते, की ते मुळातच चांगले असते म्हणून देवांना आवडते? पहिली बाजू स्वीकारली, तर देवाच्या नावाने सांगितलेले काहीही चांगले ठरेल. दुसरी स्वीकारली, तर चांगुलपणा देवाच्या आधीच अस्तित्वात आहे आणि तो ओळखण्याची कसोटी माणसाजवळ आहे, हे मान्य करावे लागते.

अथेन्समधला हा पेच वऱ्हाडात मंदिराच्या दारात उभा राहिला. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरात प्रवेश मिळावा, हा तिच्यासमोरचा प्रश्न होता. प्रवेश मागणाऱ्यांत देवीचे भक्त होते आणि प्रवेश नाकारणारेही देवीचेच भक्त होते. देवी एक, श्रद्धा एक. मग न्याय कोणत्या बाजूला हे कशावरून ठरवायचे? देवीला विचारून ते ठरणार नव्हते. रूढी आणि शास्त्र यांना विचारावे, तर ती अडवणाऱ्यांच्या बाजूने बोलत होती. माणसाला माणूस म्हणून वागवावे, ही कसोटी देवळाबाहेरून आणूनच तो निवाडा करता येत होता. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. ज्या ग्रंथाला धर्म म्हटले जात होते त्याला नीतीच्या न्यायासनासमोर उभे करण्यात आले, हा त्या दहनाचा अर्थ.

शास्त्रातला अमुक भाग खरा आणि तमुक मागाहून घुसडलेला, असे आज अनेक धर्मसुधारक सांगतात. त्यांचा हेतू चांगला असेल; परंतु निवड करताना ते जो गज वापरतात तो शास्त्राचा नसून त्यांच्या विवेकाचा असतो. म्हणजे त्यांच्यापुरतीही नीती धर्माच्या आधीच आलेली असते.

२

आता भीतीचा मुद्दा घेऊ. देवाचा धाक नसेल तर माणूस बिघडतो, हे खरे मानले तर गोपाळ गणेश आगरकर बिघडायला हवे होते. अकोल्याला शिकून १८७५ साली ते मॅट्रिक झाले. पुढे ईश्वराविषयी ते अज्ञेयवादी राहिले. चांगल्या पगाराच्या नोकरीकडे पाठ फिरवून शिक्षणाच्या कामासाठी त्यांनी दारिद्र्य पत्करले. सनातन्यांनी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी आपल्याला पटलेले लिहिणे त्यांनी सोडले नाही. यात परलोकाचा हिशेब कुठेच नव्हता.

उलट बाजूचे उदाहरणही वऱ्हाडातच आहे. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, परीट घराण्यात झाला. बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुरी येथे आजोळी गेले. त्यांच्या ओठी देवाचे नाव होते, ते नास्तिक नव्हते. पण त्यांची कीर्तने नवस, पशुबळी, कर्ज काढून केलेले सण आणि अस्पृश्यता यांच्यावर तुटून पडत. ऋणमोचन येथे पूर्णेवर त्यांनी घाट बांधला, पंढरपूरला चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा उभारली, आणि ती वास्तू १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. देवाचे नाव घेणारा हा माणूस देवाला माणसाच्या मागे उभे करीत होता.

आगरकर देवाविना नीतिमान, गाडगेबाबा देवाचे नाव घेऊन नीतिमान, आणि अंबादेवीचे दार अडवणारे देवाच्या अगदी शेजारी बसून अन्याय करणारे. यावरून एवढे निश्चित होते की, माणूस नीतीने वागेल की नाही, हे देव मानण्या-न मानण्याने ठरत नाही.

३

मग नीती येते कोठून? ती माणसांच्या एकत्र जगण्यातून येते. माझ्या आईने आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला. वेचणीचे पैसे किलोवर मिळत. कापसावर पाणी शिंपडले की वजन वाढते, हे प्रत्येक वेचणारीला ठाऊक असते. आई तसे करीत नसे. आमच्या घरात देव्हारा नव्हता. सोबतच्या बायांसमोर काट्यापाशी मान खाली घालावी लागू नये, एवढेच ती सांगे. ज्यांच्याबरोबर जगायचे त्यांचा विश्वास मोडायचा नाही, हे नीतीचे मूळ आहे.

परंतु याच मुळाशी तिची मर्यादाही आहे. कापसाच्या त्याच वावराचा मालक एकादशी चुकवीत नसे आणि सोयऱ्याधायऱ्यांत शब्दाचा पक्का होता. मजुरांना मात्र तो ओंजळीत वरून पाणी ओती. तो अनीतिमान नव्हता, त्याची नीती जातीच्या कुंपणापाशी संपत होती. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हेच दाखवून दिले की, जातीने सद्गुणांनाही जातीपुरते करून टाकले आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ते आणखी पुढे जातात. धर्मात नीती हा मूळ भाग नसतो, सोयीनुसार जोडायचा आणि सोडायचा तो डबा असतो. धम्मात मात्र देवाची जागाच नीती घेते, असे ते मांडतात. पण तेवढ्यावर ते थांबत नाहीत. चोरांच्या टोळीतही आपसांत नीती असते. म्हणून नीती पवित्र आणि सार्वत्रिक असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. येथे पवित्र म्हणजे दैवी नव्हे. सोय पाहून मोडता येणार नाही अशी. सार्वत्रिक म्हणजे कोणत्याही जातीला, गटाला बाहेर न ठेवणारी.

हे लक्षात घेतले म्हणजे नास्तिकांकडे बोट दाखवणाऱ्यांनाही उत्तर मिळते. विसाव्या शतकात देव न मानणाऱ्या स्टालिनच्या राजवटीनेही लक्षावधी माणसे मारली, हे खरे आहे आणि ते आपण नाकारू नये. तेथेही काही माणसांना नीतीच्या कुंपणाबाहेर काढण्यात आले होते. देव गेला म्हणजे कुंपण आपोआप जाते असे नाही.

४

कुंपण आपोआप जात नसल्यामुळेच कायदा लागतो. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. तरीही जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली वेगळा कायदा करावा लागला. बहिष्कार टाकणारा गाव आपण अनीती करतो आहोत असे मानत नाही; तो स्वतःला परंपरेचा राखणदार समजतो. संवैधानिक नीती ही स्वाभाविक भावना नसून ती जोपासावी लागते, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बजावले होते.

जोपासण्याचे हे काम दुसऱ्याकडूनच अपेक्षिणे योग्य नाही. पंचशील म्हणजे कोणा देवाची आज्ञा नव्हे. शील हे शिक्षापद आहे, आपण होऊन स्वीकारलेला शिकण्याचा नियम. आज्ञा मोडली तर आज्ञा देणाऱ्याची क्षमा मागून सुटता येते, नवस फेडता येतो, तीर्थात बुडी मारता येते. आपण तर क्षमा करणारा कोणी ठेवलेलाच नाही. त्यामुळे ज्याच्यावर अन्याय केला त्याच्याचकडे जाऊन तो निस्तरावा लागतो. देवाशिवायची नीती सैल असते असे म्हणणाऱ्यांनी ही कठोरता पाहिलेली नाही.

आणि आपण तरी ती कितपत पाहतो? सोयरीक जुळवताना पोटजात विचारणारी घरे आपल्यात आहेत. मुलगा नोकरीला लागला की हुंड्याचा आकडा ठरतो. शहरात घर बांधलेला शिकलेला माणूस वस्तीतल्या चुलत्याला ओळख देत नाही. शेजारच्या मातंग वस्तीवर अत्याचार झाला, तर मोर्चात आपण किती जण असतो, हेही मोजून पाहावे. देवाविना नीती शक्य आहे की नाही, याचा पुरावा विरोधक आपल्या ग्रंथांत शोधणार नाहीत. तो ते आपल्या घरात शोधतील. तेव्हा विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी या प्रश्नावर वादविवाद जरूर करावा, पण येत्या लग्नसराईत आपापल्या घरी पोटजात आणि हुंडा हे दोन विषयही काढावेत.